साडेसतरा मार्क आणि थकलेली फी

आर्थर एजीला शाळेने काढलं तेव्हा तो दहावीत होता आणि वर्ष मध्यावर आलेलं होतं. कारण एकच, फी थकली होती. याच शाळेचं नाव सांगून त्याला शिकागोच्या वेस्ट साइडच्या मैदानावरून उचलून आणलं होतं, याच शाळेच्या समर कॅम्पमध्ये त्याला इथूनच पुढे जाऊन बास्केटबॉलचा मोठा स्टार झालेल्या खुद्द आयझाया थॉमससमोर वन-ऑन-वन खेळायला मिळालं होतं, आणि आता घरातला पगार बंद झाला, फी वाढली, तर म्हणे उद्यापासून येऊ नकोस. पुढे सरकारी शाळेतून पास व्हायची वेळ आली तेव्हा जुन्या शाळेतल्या मार्कांचे कागद लागणार होते आणि थकबाकी भरल्याशिवाय ते मिळणार नव्हते, म्हणून त्याचे आईवडील शाळेच्या ऑफिसात जाऊन बसतात, समोरचा माणूस शांतपणे हप्ते ठरवून देतो, आणि हे दोघं मान हलवत राहतात. 'हूप ड्रीम्स' ही जवळजवळ तीन तासांची बास्केटबॉलवरची डॉक्युमेंट्री आहे, तिच्यात एकाहून एक थरारक मॅचेस आहेत, पण मला विचाराल तर फिल्मचा जीव या टेबलावर आहे.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1994 ची फिल्म, दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स, सोबत फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट, शिकागोच्या कार्टेमक्विन फिल्म्सची निर्मिती. या तिघांना खरं तर टीव्हीसाठी अर्ध्या तासाची छोटी फिल्म करायची होती, गल्लीतल्या मैदानांवर खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलवर. तिथे त्यांना चौदा वर्षांची दोन मुलं भेटली, वेस्ट गारफिल्ड पार्क भागातला आर्थर एजी आणि कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीतला विल्यम गेट्स, आणि मग ते त्या मुलांना सोडूच शकले नाहीत. जवळपास पाच वर्षं शूटिंग चाललं, 250 तासांचं फुटेज जमलं, त्यातून 171 मिनिटांची फिल्म निघाली. मुलं आठवी संपवून हायस्कूलला जातात तिथपासून कॉलेजच्या दारात पोचतात तिथपर्यंत आपण त्यांच्यासोबत असतो, आवाज फुटताना ऐकतो, उंची वाढताना बघतो. कुठलाही नट हे करून दाखवू शकणार नाही.

दोघांनाही एकाच शाळेने घेतलं, वेस्टचेस्टर या उपनगरातलं सेंट जोसेफ हायस्कूल. कॅथलिक, खाजगी, बहुतेक मुलं गोरी. आयझाया थॉमस याच शाळेतून पुढे गेला, तोही वेस्ट साइडचाच, आणि फिल्मचं शूटिंग चालू होतं त्याच काळात, 1989 आणि 1990 मध्ये, त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्सने लागोपाठ दोन वेळा एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग, जिंकली. म्हणजे शाळेच्या भिंतीवर ज्याचा फोटो आहे तो माणूस रात्री टीव्हीवर ट्रॉफी उचलताना दिसतोय, आणि तू त्याच कोचच्या हाताखाली त्याच जिममध्ये प्रॅक्टिस करतोयस, चौदाव्या वर्षी डोकं कसं ठिकाणावर राहील. रोज जायला दीड तास, यायला दीड तास. थंडीत शिकागोत उशिरापर्यंत उजाडत नाही, ही मुलं अंधारातच घराबाहेर पडायची. दोघांचंही वाचन शाळेत आले तेव्हा चौथी-पाचवीच्या मुलांइतकं होतं, म्हणजे आठ वर्षं ज्या शाळांमध्ये बसले तिथे त्यांच्याकडे कुणी धड बघितलंच नव्हतं, बघितलं ते कधी, तर ते बॉल घेऊन उड्या मारायला लागले तेव्हा. आणि ज्याने आर्थरला हेरलं तो माणूस कुणी शिक्षक किंवा कोच नाही, इन्शुरन्सच्या धंद्यातला एक गृहस्थ आहे जो हौसेने मैदानं पालथी घालून पोरं शोधतो आणि मोठ्या शाळांकडे पाठवतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पोराचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत असणार. पण पोरगं शाळेतून परत आलं तेव्हा त्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, ना शोधणाऱ्याची, ना घेणाऱ्याची.

विल्यमची फी मात्र थकली नाही. तो पहिल्याच वर्षी मोठ्या मुलांच्या टीममध्ये खेळायला लागला, पेपरात नाव आलं, पुढचा आयझाया अशी चर्चा झाली, आणि त्याच्या फीसाठी एक स्पॉन्सर मिळाली, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अध्यक्ष असलेल्या एक बाई. त्या चांगल्या आहेत, फिल्ममध्ये दिसतातही, पुढे विल्यमला सुट्टीतलं कामही मिळवून देतात. आर्थर तेव्हा तब्येतीने लहानखुरा होता, उंची अजून यायची होती, ज्युनियर टीममध्ये खेळत होता, त्याच्यासाठी अशी कुणी बाई धावून आली नाही. मार्शल हायस्कूल या सरकारी शाळेतले त्याचे नवीन कोच ल्यूथर बेडफर्ड स्पष्ट म्हणतात की पोरगं सेंट जोसेफवाल्यांना वाटलं होतं तसं खेळायला लागलं असतं तर ते आजही तिथेच असतं. सेंट जोसेफचे कोच जीन पिंगटोरी यांच्यावर फिल्म आल्यानंतर खूप टीका झाली, शाळा आणि कोच दोघांनी फिल्मवाल्यांवर केसही केली होती. मला पिंगटोरी खलनायक वाटत नाहीत. आयुष्यभर एकाच शाळेत शिकवलेला माणूस, 2019 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या नावावर हजारापेक्षा जास्त मॅचेस जिंकल्याची नोंद होती. पण विल्यम घरचा एक प्रॉब्लेम घेऊन त्यांच्याकडे जातो तेव्हा ते त्याला घरच्यांना बाजूला सार असा सल्ला देतात, आणि विल्यम नंतर कॅमेऱ्याला विचारतो, हा काय सल्ला झाला? तेव्हा मला राग येतो आणि तो राग अजूनही गेलेला नाही. त्या मुलाला तोवर एक मुलगी झालेली आहे, गर्लफ्रेंड कॅथरिन एकटी ते बाळ सांभाळतेय, गुडघा दुखतोय, आणि शाळेला त्याच्याकडून एकच गोष्ट हवीय, की त्याने टीमला डाउनस्टेट न्यावं, म्हणजे राज्याच्या फायनल राउंडला.

गुडघा. अकरावीत विल्यमचा गुडघा गेला आणि मग ऑपरेशन, व्यायाम, घाईने परत कोर्टवर, परत दुखापत, परत ऑपरेशन. ज्यांनी कुठलाही खेळ सिरियसली खेळलाय त्यांना हा भाग बघवणार नाही. तो परत आल्यावर पळतो तेव्हा फरक आपल्यालाही कळतो, त्याच्या उडीत आधी जो बिनधास्तपणा होता तो गेलाय, आता तो उतरताना जमिनीचा विचार करतोय. पायाने खेळणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकदा हा विचार शिरला की तो निघत नाही. शिकागोने नंतर हेच अख्ख्या शहराच्या डोळ्यांदेखत परत बघितलं, एंगलवूडमधला डेरिक रोझ, 2011 मध्ये बावीस वर्षांचा असताना एनबीएचा सगळ्यात तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, आणि लगेच पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये प्लेऑफच्या पहिल्या मॅचला गुडघ्याचा लिगामेंट तुटला. फरक इतकाच की रोझचा गुडघा गेला तोवर त्याचं घर उभं राहिलेलं होतं, विल्यमच्या गुडघ्यावर मात्र अजून सगळं उभं राहायचं होतं आणि त्यात त्याचा एकट्याचा वाटा नव्हताच.

कारण कर्टिस. विल्यमचा मोठा भाऊ, एकेकाळी स्वतः तुफान खेळायचा, कॉलेजपर्यंत पोचला आणि तिथे कोचशी पटलं नाही, परत आला, आता छोट्यामोठ्या नोकऱ्या, त्याही टिकत नाहीत. तो उघडपणे सांगतो की माझी सगळी स्वप्नं आता याच्यात आहेत. कर्टिस भावाच्या मॅचला कसा बसतो ते बघा, प्रत्येक शॉटला त्याचं अंग हलतं. आणि विल्यमला ते माहीत आहे. सतरा वर्षांच्या मुलाला माहीत आहे की आपण बॉल टाकतो तेव्हा तो दोघांसाठी टाकतोय, आणि कधीतरी हे ओझं नको होतं असंही त्याच्या चेहऱ्यावर दिसून जातं. फिल्म हे बोलून दाखवत नाही, कर्टिसला वाईटही ठरवत नाही, भावावर त्याचा जीव आहे आणि तोच जीव विल्यमच्या मानेवर बसलाय, दोन्ही खरं आहे.

मग येतो मार्कांचा भाग, जो आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जवळचा वाटेल. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेचा स्कॉलरशिपसाठी नियम होता की एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत 18 तरी हवेत. विल्यमला पत्रांवर पत्रं येतायत, मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटी त्याला घ्यायला तयार आहे, गुडघ्याचं काही झालं तरी स्कॉलरशिप राहील असा शब्द देतेय, आणि तो परत परत परीक्षेला बसतोय. शेवटी 17.5 येतात, आणि ते 18 धरले जातात. साडेसतरा! एका मुलाचं कॉलेज, कॅथरिनचं आणि लेकीचं पुढचं आयुष्य, भावाची आशा, आईची वर्षानुवर्षांची वाट, सगळं त्या अर्ध्या मार्काच्या राउंडिंगवर. आपण सगळे अर्ध्या-अर्ध्या मार्काच्या देशातून आलोय, म्हणून मी हा भाग श्वास रोखून बघते. पण आपल्या मुलांना त्या परीक्षेसाठी तयार करायला घर, क्लास, शेजारचे काका, सगळे असतात, विल्यमला ती भाषा, ते प्रश्न, परीक्षेला बसायची ती पद्धतच नवीन होती, आणि दिवसाचे तीन तास बसमध्ये आणि चार तास जिममध्ये गेल्यावर डोकं शिल्लक किती राहणार.

या सगळ्याच्या मध्ये प्रिन्स्टनचा तो कॅम्प आहे. नाईकी कंपनी देशातली निवडक शंभरेक हायस्कूलची मुलं उन्हाळ्यात एकत्र आणायची, दिवसभर मॅचेस, आणि प्रेक्षकांत देशातल्या नामांकित कॉलेजांचे कोच ओळीने बसलेले, इंडियानाच्या गाजलेल्या बॉबी नाइटसकट. एक स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, स्वतःच तिथे मांसाच्या बाजाराची भाषा बोलून जातो, आणि तरी तो तिथेच बसून पोरांना नंबर देत राहतो. फिल्म दिग्दर्शक स्पाइक ली येऊन मुलांसमोर बोलतो आणि तो त्यांना फुलं देत नाही, तो सांगतो की तुम्ही इथे आहात कारण तुमच्यामुळे त्यांची टीम जिंकेल आणि टीम जिंकली की शाळेला खूप पैसा मिळतो, या सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे. मुलं ऐकतात. काहींच्या चेहऱ्यावर कळल्यासारखं दिसतं. आणि दुसऱ्या मिनिटाला नवे बूट घालून परत कोर्टवर, दुसरं करणार काय. त्या काळात कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिपशिवाय एक पैसा घेता येत नव्हता, कोचला घ्यायला हरकत नव्हती, बुटाच्या कंपनीला नव्हती, टीव्हीला नव्हती. हा नियम बदलायला 2021 चा जुलै उजाडला, आता कॉलेजची मुलं स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवू शकतात. मला ते उशिराचं का होईना योग्य वाटतं. लोक म्हणतात यामुळे खेळाचा साधेपणा गेला. मी म्हणते ही फिल्म बघा आणि मग सांगा तो साधेपणा नेमका कुणाला परवडत होता.

आता शीला एजी, आर्थरची आई. मी हा लेख तिच्यासाठी लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल.

पाठीच्या दुखण्याने तिची नोकरी गेलेली, नवरा बो आधी घरात, मग घराबाहेर, ड्रग्जच्या नादी लागलेला, मध्ये तुरुंगातही जाऊन आला. एक सीन आहे, आर्थर मैदानात खेळतोय आणि मागे त्याचा बाप ड्रग्ज विकत घेतोय, कॅमेरा दोघांनाही एकाच जागी बघतो आणि आर्थरही बघतो. मला त्या मुलाच्या मानेची हालचाल आठवते, एकदा वळून बघितलं आणि परत खेळाकडे. घरातली वीज बंद झाली, तिघं फिल्मवाले अंधाऱ्या घरात शूट करत होते, आणि नंतर त्यांनी बिल भरायला मदत केली. डॉक्युमेंट्रीच्या नियमात हे बसतं की नाही यावर खूप चर्चा झालीय. मला विचाराल तर ज्या घरात पाच वर्षं जेवलात त्या घरात पोरं अंधारात बसलेली असताना फक्त फोकस बघत राहायला दगडाचं काळीज हवं. आणि मग शीला सरळ कॅमेऱ्याकडे बघून विचारते, तुम्हाला कधी प्रश्न पडत नाही का की मी महिन्याला 268 डॉलरमध्ये हे घर कसं चालवते, पोरांना काय खाऊ घालते? तिचा आवाज चढत नाही. ती विचारते ते फिल्मवाल्यांना, पण ते तिघं कॅमेऱ्यामागे आहेत आणि समोर आपण, त्यामुळे उत्तर आपल्याकडूनच मागितल्यासारखं वाटतं.

आर्थरचा अठरावा वाढदिवस. ती स्वतः केक करते आणि म्हणते की तो अठरा वर्षांचा झाला, जिवंत आहे, म्हणून हा आनंद. माझा मुलगा आता त्याच वयाच्या आसपास आहे, उपनगरातल्या शाळेत खेळतो, त्याच्या वाढदिवसाला मी कधीही हे वाक्य मनात आणलेलं नाही, आणायची वेळ आली नाही, आणि मी राहते ते घर आणि शीला राहायची ते घर यांच्यात गाडीने तासाभराचंसुद्धा अंतर नाही. शिकागोच्या त्या भागांत हे वाक्य अतिशयोक्तीचं नव्हतं. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये सिमियन हायस्कूलचा बेन विल्सन, ज्याला देशातला सगळ्यात भारी हायस्कूल खेळाडू म्हणायचे, तो शाळेजवळच गोळी लागून मेला होता, सतरा वर्षांचा. म्हणजे खेळ तुम्हाला वाचवतो हे सुद्धा पूर्ण खरं नव्हतं.

आणि या सगळ्यात शीला शिकायला जाते. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स. कुणाला फार सांगत नाही, कुठला स्काऊट तिला शोधायला आलेला नाही, तिच्यासाठी कुणी स्पॉन्सर नाही. आणि एक दिवस तिला कळतं की ती पास झालीय आणि वर्गात पहिली आलीय. ती तोंडावर हात घेते, रडते, हसते, तो जो काही आवाज तिच्या घशातून निघतो तो मी लिहू शकत नाही. लोकांनी मला नेहमी विचारलंय की या फिल्ममधली बेस्ट मॅच कुठली, आणि मी नेहमी सांगते ही. छोटीशी खोली, मोजकी माणसं, टाळ्या वाजवायला जेमतेम कुणी, आणि एक बाई जिंकलेली. एडिटिंगमध्ये हा सीन कापला नाही याबद्दल मी त्या माणसांची कायम ऋणी आहे, कारण बास्केटबॉलच्या फिल्ममध्ये आईच्या परीक्षेचं काय काम असं कुणीही म्हणू शकलं असतं.

आर्थरचं पुढे काय होतं ते तर कुठल्या लेखकाने लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं. फीसाठी काढलेला मुलगा मार्शलमधून शेवटच्या वर्षी असा काही खेळला की टीमने शहरातली दादा टीम असलेल्या किंग हायस्कूलला हरवून पब्लिक लीग, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळांची स्पर्धा, जिंकली आणि 1991 मध्ये डाउनस्टेटला जाऊन, शॅम्पेनच्या त्या प्रचंड हॉलमध्ये, राज्यात तिसरा नंबर मिळवला. सेंट जोसेफ आणि विल्यम त्या वर्षी तिथपर्यंत पोचलेच नाहीत. मी पहिल्यांदा बघताना टाळ्या वाजवल्या होत्या. पण नीट बघितलं तर लक्षात येतं की त्याने आर्थरचा प्रश्न सुटत नाही. मार्क कमी, म्हणून मोठं कॉलेज नाही, मिझुरीतल्या मिनरल एरिया या दोन वर्षांच्या कॉलेजला जावं लागतं, आणि तिथे काळी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, जवळपास सगळी टीममधलीच, कॅम्पसपासून बाजूला एका घरात ठेवलेली. तो तिथून पुढे आर्कान्सा स्टेटला जातो, तिथेही खेळतो. विल्यम मार्केट युनिव्हर्सिटीला. एनबीएत दोघंही जात नाहीत.

किती जण जातात तरी? 1995 मध्ये, म्हणजे या दोघांच्या वयाची मुलं कॉलेज संपवून बाहेर पडत होती तेव्हा, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, 29 टीम्सनी मिळून 58 नावं पुकारली, जगभरातून. आणि त्या 58 मध्ये पाचव्या नंबरला केव्हिन गार्नेट होता, जो हायस्कूलचं शेवटचं वर्ष शिकागोच्याच वेस्ट साइडला फॅरागट अकॅडमीत खेळला आणि कॉलेजला न जाता थेट एनबीएत गेला. हे गार्नेट, हे आयझाया, हे रोझ, हे खरे आहेत, यांच्यामुळेच तर हे चालू राहतं. दर काही वर्षांनी शेजारच्या गल्लीतून एक जण जातो आणि बाकीच्या हजारांना वाटतं की रस्ता आहे. रस्ता आहेच, पण त्या रस्त्यावर मध्ये थांबायला एकही ओटा नाही, पोचलात तर पोचलात नाहीतर सुरुवात केली तिथेच.

इथे मला नागपाडा आठवतं. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा, मस्तान तलावचं मैदान, तिथल्या दाट वस्तीतून भारतासाठी खेळणारे कितीतरी खेळाडू आले, भारताचे कॅप्टन झालेले अब्बास मुन्तसिर तिथलेच. आणि योगायोग असा की तिथलं नागपाडा नेबरहुड हाउस ज्यांनी विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात सुरू केलं ते क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागोत शिकून अमेरिकन मराठी मिशनमधून मुंबईला आलेले, तेच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे पहिले संचालक. तिथल्या पोराला एनबीए माहीत होती की नाही कुणास ठाऊक, पण चांगला खेळलास तर रेल्वेत, कस्टम्समध्ये, पोलिसांत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागू शकते हे घरोघरी माहीत होतं. पगार, क्वार्टर, पेन्शन. कुणाला ते छोटं स्वप्न वाटेल. मला ते फार शहाणं वाटतं, कारण त्यात गुडघा गेलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी जायला एक ऑफिस असतं. विल्यमच्या शहरात त्याच्यासाठी असं मधलं काहीही ठेवलेलं नव्हतं. स्टीलच्या गिरण्या, कत्तलखाने, कारखाने ज्यांच्या जोरावर त्या भागातली आधीची पिढी उभी राहिली ते एकामागून एक बंद झालेले, शाळा कोसळलेल्या, आणि उरला तो बॉल.

ऑस्करचं प्रकरण थोडक्यात सांगते कारण त्यावर बाकी सगळ्यांनी लिहिलंय. सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला प्रेक्षकांचा अवॉर्ड मिळाला, शिकागोचेच समीक्षक सिस्कल आणि एबर्ट यांनी टीव्हीवरून फिल्म डोक्यावर घेतली, एबर्टने तर पुढे तिला नव्वदच्या दशकातली सर्वोत्तम फिल्म म्हटलं, आणि तरी बेस्ट डॉक्युमेंट्रीसाठी साधं नॉमिनेशनही मिळालं नाही, फक्त एडिटिंगसाठी मिळालं. इतका आरडाओरडा झाला की अकॅडमीला डॉक्युमेंट्री निवडायची पद्धत बदलावी लागली. 2005 मध्ये फिल्म अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत जपून ठेवायला घेतली. ऑस्कर न मिळाल्याचं मला तरी दुःख नाही. त्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की फिल्मच्या कमाईत दोन्ही कुटुंबांना वाटा दिला गेला, कारण पाच वर्षं ज्यांनी आपलं घर उघडं ठेवलं तेही त्या फिल्मचे मालकच.

कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारती आता नाहीत, शेवटची 2011 मध्ये पाडली. ब्राउन लाइनच्या ट्रेनमधून त्या बाजूने जाताना आता काचेचे नवे टॉवर दिसतात, वसाहतीच्या जागेवर टार्गेटचं मोठं दुकान आहे, मी तिथून सामान आणलेलं आहे आणि पार्किंगमध्ये उभं राहून विल्यम नेमका कुठल्या मजल्यावर राहत असेल याचा विचार केलेला आहे. सेंट जोसेफही 2021 मध्ये बंद झालं. कर्टिस 2001 मध्ये मारला गेला. बो, जो सुधारला होता, चर्चमध्ये जायला लागला होता, मुलाशी परत बोलायला लागला होता, त्याचा 2004 मध्ये खून झाला. ही दोन वाक्यं फिल्म बघून झाल्यावर कुठेतरी वाचायला मिळतात आणि मग फिल्म परत बघणं अवघड होतं, कर्टिस प्रेक्षकांत बसून हलतोय, बो बायकोशेजारी शाळेच्या ऑफिसात बसून हप्ते ऐकतोय, आणि आपल्याला पुढचं माहीत आहे.

विल्यम पुढे पाद्री झाला, कॅब्रिनी-ग्रीनमध्येच काम केलं, मग 2012 मध्ये कुटुंबासकट टेक्ससला सॅन अँटोनिओला निघून गेला. आर्थर शिकागोशी जोडलेला राहिला, मुलांसाठी काम करत राहिला. फिल्मच्या शेवटाकडे विल्यम एक गोष्ट बोलतो, की लोक मला म्हणतात एनबीएत गेलास की आम्हाला विसरू नकोस, आणि मला त्यांना सांगावंसं वाटतं की मी नाही गेलो तर तुम्ही मला विसरू नका. अठरा वर्षांचा मुलगा हे बोलतोय. इतक्या सगळ्या मोठ्या माणसांत, कोच, स्काऊट, स्पॉन्सर, भाऊ, त्याच्या एकट्यालाच तोवर कळलेलं होतं की हा व्यवहार कसा चालतो.

त्याची स्वतःची मुलं नंतर कॉलेजात बास्केटबॉल खेळली असं वाचलं तेव्हा मी आधी चिडले होते. इतकं सगळं भोगून परत तेच? मग वाटलं, मी कोण ठरवणार. ज्या खेळाने गुडघा घेतला त्याच खेळाने त्याला आणि आर्थरला कॉलेजच्या दारातून आत नेलं, त्यांच्या घरात दुसरी कुठली वाट तिथवर जात नव्हती. आणि ते दोघं खेळायचे काय सुंदर! फिल्मच्या सुरुवातीचा आर्थर, गल्लीत, फाटक्या नेटखाली, कुणी बघत नसताना बॉलशी जे करतो त्यात स्कॉलरशिप कुठेच नाही, नुसता आनंद आहे, तो बापाने पोरांना द्यावासा वाटला असेल तर त्यात चूक काय. यावेळी निदान आजारपण, मार्क, कोच, करार यांच्याबद्दल विचारायला घरात एक माणूस होता ज्याने ते सगळं आधी बघितलेलं होतं. कर्टिसला असा कुणी मिळाला नव्हता, आणि विल्यमला मिळाला होता तो कर्टिस.